खाजगी रान राखायचे की तोडीला द्यायचे, हे मालक कोणाला विचारून ठरवतो?

किंजळवन

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव वन अगदी थोडे आहे. देवरूख-संगमेश्वरच्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, बेहडा, कुंभा, जांभूळ यांचे जे दाट रान दिसते, ते बहुतेक सगळे सातबाऱ्यावर कोणाच्या ना कोणाच्या नावे लागलेले असते. ते राहील की जाईल, हे वनखात्याच्या कार्यालयापेक्षा घराच्या ओटीवर, भावकीच्या बैठकीत आणि हल्ली वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर जास्त ठरते. तरीही आपल्याकडे या विषयाची चर्चा कायदा आणि पैसा या दोनच अंगांनी होते. मालक कोणाचे ऐकतो, कोणाकडे पाहून पाऊल उचलतो आणि कोणाला दुखवायचे टाळतो, या तिसऱ्या अंगाबद्दल सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या वाडीत आणि आसपास जे पाहत आलो ते आधी मांडतो. रान विकायचे असे मनाशी ठरवून मालक व्यापारी शोधायला निघाला, असे सहसा होत नाही. आधी येतो तो व्यापाऱ्याचा माणूस, आणि तो परका नसतो. शेजारच्या वाडीतला, कोणाचा तरी मेहुणा किंवा मावसभाऊ, स्वतःचा टेम्पो असलेला किंवा तोडीच्या टोळीचा मुकादम. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या घराचे वासे बदलायला झाले आहेत, कोणाकडे दवाखान्याचा खर्च निघाला आहे, हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळते. तो हातावर इसार ठेवतो आणि रानाचा उक्ता सौदा होतो. झाडे मोजली जात नाहीत, कोणाची जाडी किती हे पाहिले जात नाही. शेजाऱ्याला किती मिळाले एवढाच भावाचा आधार असतो, आणि तो आकडाही त्याच माणसाच्या तोंडून आलेला असतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. डोंगरात वरच्या अंगाला असलेले रान टिकून राहते ते मुख्यतः तिथवर गाडी पोचत नाही म्हणून. खालच्या गटाच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या, मालकाने तोड दिली की लाकूड उतरवायला जेसीबीने रस्ता काढला जातो. तो दोन-तीन शेजाऱ्यांच्या जमिनीतून जातो, आणि भावकीतल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते म्हणून वाट दिली जाते. एकदा वाट झाली की वरच्या गटातून लाकूड काढण्याचा खर्च घटतो आणि पुढच्या हंगामात तोच मुकादम वरच्या मालकाच्या ओटीवर बसलेला दिसतो. खालच्याने स्वतःपुरता म्हणून घेतलेला निर्णय वरच्यापुढचा हिशेबच बदलून टाकतो.

याच्या उलटही घडते. आमच्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) उगमाशी असलेले रान एका वृद्ध गृहस्थांनी कधीच तोडीला दिले नाही, कारण वाडीच्या पाण्याचा आधार तेच आहे असे ते मानत. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. पण ते देवळाचे मानकरी होते, त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि लगतच्या दोन घरांनी पुढे व्यापाऱ्याला परत पाठवताना त्यांचेच नाव पुढे केले. व्यापाऱ्याला नकार देण्यासाठी सुद्धा माणसाला कोणाचा तरी आधार लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले.

आपल्या घरच्या रानाबद्दल निर्णय झाला तेव्हा पहिल्यांदा कोणाला विचारले गेले, आणि कोणाला विचारलेच गेले नाही, हे जाणकारांनी आणि मालकांनी लिहावे ही विनंती.

वरकस

विषय महत्त्वाचा आहे, पण मूळ प्रश्न पैशाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी वरकस जमिनीतून, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतून, भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजण्यासाठी) टहाळ, गुरांना गवत आणि चुलीला लाकूड मिळत असे, म्हणून रान राखण्यात घराचा रोजचा स्वार्थ होता. आता गुरे गेली, घरोघरी गॅस आला, राब भाजणारेही कमी झाले. उभ्या रानापासून मालकाला वर्षभर एक पैसा मिळत नाही आणि तोड दिल्यावर रोख रक्कम मिळते. शिवाय ऐन आणि किंजळ खोडापासून पुन्हा फुटतात, दहा-बारा वर्षांनी दुसरी तोड मिळते, त्यामुळे रान कायमचे गेले असे मालकाला वाटत नाही. नातेसंबंधांचा विचार हा त्यानंतरचा आहे.

किंजळवन

वरकस, गरज पैशातूनच निर्माण होते हे मान्य आहे. पण तेवढीच गरज असलेल्या दोन घरांपैकी एक पतपेढीचे कर्ज काढते आणि दुसरे रान विकते, हेही आपण पाहतो. अडचणीच्या वेळी कोणता मार्ग आधी डोळ्यांपुढे येतो, तो कोण सुचवतो आणि शेजाऱ्याने काय केले होते, यावर बरेच अवलंबून असते. फुटव्याबद्दल तुमचे म्हणणे ऐन-किंजळीपुरते खरे आहे. मात्र लागोपाठच्या तोडीत फक्त जोमाने फुटणारी झाडे उरतात, आणि ज्या जुन्या बेहड्याला ढोली (खोडातली पोकळी) आहे तो दहा-बारा वर्षांत पुन्हा उभा राहत नाही.

निवृत्त वनपाल

मी या जिल्ह्यात बरीच वर्षे नोकरी केली आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी प्रत्यक्षात कायद्यापेक्षा कानोकानी पसरणाऱ्या समजुतींची आहे.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी खाजगी वन या व्याख्येत बसणाऱ्या जमिनी सरकारकडे निहित झाल्या, म्हणजे सरकारच्या मालकीच्या झाल्या. पुढे दुरुस्ती करून लहान मालकांना बारा हेक्टरांच्या मर्यादेत जमीन परत मिळण्याची तरतूद झाली, पण त्या काळात ज्यांच्या सातबाऱ्यावर शेरा पडला त्यांच्या घरात ती आठवण आजही ताजी आहे. तिचे रूपांतर एका समजुतीत झाले आहे: रान वाढू दिले की सरकार घेते. मी असंख्य मालकांच्या तोंडून हे वाक्य ऐकले आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते कायद्याच्या कागदातून नव्हे, तर चुलत्याकडून किंवा सौदा करायला आलेल्या माणसाकडून ऐकलेले होते.

१९७५च्या कायद्याचा विचार केला तर ही भीती बहुतांशी बरोबर नाही, कारण तो मुख्यतः त्या ठरावीक दिवशी वन असलेल्या जमिनींसाठी आहे. मात्र १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो असे म्हटले, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतरही फेब्रुवारी २०२४मध्ये हाच अर्थ तूर्त पाळावा असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा मालकाची शंका पूर्ण निराधार आहे असे म्हणून तिला झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मालकी काढून घेणे वेगळे आणि वनेतर वापरावर बंधन असणे वेगळे, हा फरक त्याला समजावून सांगणारा विश्वासाचा माणूस हवा. तो गावात नसतो, आणि ती रिकामी जागा व्यापाऱ्याचा माणूस भरून काढतो.

वृक्षतोडीच्या १९६४च्या कायद्याचेही तसेच आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग, जांभूळ ही झाडे आहेत, म्हणून त्यांना परवानगी लागते. बेहडा त्या यादीत नाही. त्यामुळे रानातील सगळ्यात मोठे, ढोलीचे झाड अनेकदा सगळ्यात सहज पडते. अर्ज कसा करायचा हे मालकाला व्यापारीच शिकवतो. न तोडण्यासाठी कोणता मार्ग आहे, हे त्याला शिकवायला मात्र कोणी जात नाही. आमच्या खात्याकडूनही ते फारसे झाले नाही याची मला खंत आहे.

माहेरवाशीण

कोणाला विचारलेच गेले नाही, या प्रश्नाचे उत्तर मी देते. आम्हा बहिणींना.

वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि आम्हा तिघींची नावे भावांबरोबर सातबाऱ्यावर लागली. त्यानंतर दोनच वेळा माहेरून जमिनीबाबत फोन आला. एकदा हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून, आणि ती मी दिली नाही तेव्हा पुन्हा एकदा, तोडीच्या संमतीपत्रावर सही हवी म्हणून. रान तोडायचे का, ही चर्चा तोवर संपलेली होती. किती रक्कम ठरली हेही मला सांगितले गेले नव्हते. लहानपणी आम्ही त्याच रानातून शेण्या-लाकडे आणली, रतांबे आणि करवंदे काढली, रानातील कोणती वाट कुठल्या झऱ्याशी जाते हे माझ्या आईला आणि काकूंना भावांपेक्षा जास्त ठाऊक होते. तरीही रानाची माहिती असलेली माणसे आणि रानाचा सौदा करणारी माणसे यांची बैठक कधी एकत्र झाली नाही.

मी सही करण्यापूर्वी बाकीच्या दोघी बहिणींना फोन केला. आम्ही तिघींनी मिळून भावांना सांगितले की झऱ्याच्या वरचा तुकडा वगळला तरच सही करू. थोरल्या भावाने राग धरला, त्या वर्षी माहेरी जाणे अवघडल्यासारखे झाले, पण तो तुकडा राहिला. सामाईक सातबाऱ्यात एकेका सहीला किती किंमत असते, हे बहिणींनी ओळखले पाहिजे. एकटीने नकार दिला की तिला हट्टी म्हणतात, तिघींनी दिला तेव्हा त्यावर घरात बोलणे झाले.

चाकरमानी

माहेरवाशीणताई, सही मागितली जाते तोवर चर्चा संपलेली असते, हे तुमचे म्हणणे मुंबईत राहणाऱ्या आम्हा हिस्सेदारांनाही लागू आहे. आम्हीही संमतीपत्रावर सही करतो ती गणपतीला गेलो असताना, परतीच्या आदल्या रात्री, कागद न वाचता. गावात राहून जमिनीची राखण करणाऱ्या भावाला आपण काय विरोध करायचा, ही भावना त्यामागे असते, आणि ती खोटी नाही. पण आमच्या मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत देवळाचा जीर्णोद्धार, स्मशानशेड, रस्ता यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि गावाच्या रानाचा विषय निघतच नाही.

माडगरुड

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची बाजू मांडतो. आमच्याकडे तोड होऊन रान पुन्हा फुटण्याचा प्रश्न मागे पडला आहे, कारण तोडीनंतर जमीनच विकली जाते आणि तिथे रबर किंवा अननस लागतो. सुरुवातीला केरळमधून आलेल्या बागायतदारांनी जमिनी घेतल्या तेव्हा गावातल्या दलालामार्फत एका-दोघांनी विक्री केली. लगतच्या मालकांना आपल्या जमिनीचा भाव पहिल्यांदा कळला तो तिथून. नंतर एकामागून एक विक्री झाली. विकणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण चहूकडून विकल्या गेलेल्या जमिनीच्या मध्ये आपले एकट्याचे रान राखून काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न मला आजही निरुत्तर करतो. वणवा आला तर विझवायला शेजारी नाही, गुरांची पूर्वीची वाट बंद झालेली, आणि जनावरे उरलेल्या तुकड्यात कोंडली जाऊन बागायतीत उतरतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. २०२०मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या असे मी मानतो. परंतु गावात मनाईची बातमी पोचली ती बाहेरच्यांनी आपल्यावर लादलेला निर्णय म्हणून, आणि त्यामुळे स्वतःहून रान राखणाऱ्या माणसांनाही चारचौघांत गप्प बसावे लागले. आपण त्या बाजूचे आहोत असे कोणी समजू नये, याची त्यांना काळजी वाटू लागली.

उत्तरवारा

मी फिनलंडमध्ये राहतो. माडगरुड यांनी लिहिले तसेच येथेही घडले होते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

या देशात निम्म्याहून अधिक वनजमीन खाजगी व्यक्तींच्या आणि कुटुंबांच्या मालकीची आहे. नव्वदच्या दशकात युरोपीय संघाच्या नातुरा २००० या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यासाठी जागा निवडल्या गेल्या तेव्हा जमीनमालकांनी तीव्र विरोध केला, काहींनी उपोषणही केले. आपल्या जमिनीवर रेघ ओढली गेली आणि आपल्याला ती वर्तमानपत्रातून कळली, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर दक्षिण-पश्चिम भागात एक प्रयोग झाला, ज्यात मालकाने स्वतः पुढे येऊन आपले रान ठरावीक वर्षांसाठी राखायला द्यायचे आणि मोबदला घ्यायचा असे ठरले. त्याच धर्तीवर २००८मध्ये मेत्सो हा कार्यक्रम देशाच्या दक्षिण भागासाठी सुरू झाला. त्यात कायमचे संरक्षण किंवा काही वर्षांचा करार असे पर्याय असतात आणि मालकाची इच्छा नसेल तर काहीच होत नाही.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे मालकापर्यंत ही गोष्ट नेली कोणी. येथे मालकांच्याच वनव्यवस्थापन संघटना आहेत. त्यांचा स्थानिक सल्लागार एरवी विरळणी, लागवड, लाकूडविक्री यांसाठी वर्षानुवर्षे घरी येत असतो. तोच जेव्हा म्हणतो की हा ओलसर तुकडा राखायला देता येईल, तेव्हा मालक ऐकतो. सरकारी पत्र आले तर तो ते बाजूला ठेवतो. उलट, ज्या भागात सल्लागाराचा स्वतःचाच या कार्यक्रमावर विश्वास नसतो, तेथे मालकाला त्याची नीट माहितीही मिळत नाही. एकच माणूस दार उघडतो किंवा बंद ठेवतो.

आणखी एक साम्य पाहून मला फार आश्चर्य वाटले होते. येथेही वडिलोपार्जित रान भावंडांच्या नावे सामाईक पडून असते, त्यातले निम्मे हेलसिंकीत राहतात, आणि निर्णयाला सगळ्यांची संमती लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाने १९९१पासून एक वेगळी पद्धत ठेवली आहे. काही वनमालकांना प्रशिक्षण दिले जाते आणि ते स्वयंसेवक म्हणून इतर मालकांच्या रानात विनामूल्य जातात, सोबत फिरतात, आणि स्वतः काय केले ते सांगतात. ते काही विकत नाहीत आणि काही विकत घेतही नाहीत, म्हणून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येते. किंजळवन यांनी ज्या मुकादमाचे वर्णन केले आहे, त्याच्याइतकाच जवळचा पण सौद्यात हितसंबंध नसलेला माणूस म्हणजे हा स्वयंसेवक.

ढोलीचा बेहडा

मी संगमेश्वर तालुक्यात रान राखण्याच्या करारांचे काम जवळून पाहिले आहे. पुण्याच्या एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने येथील खाजगी मालकांशी ठरावीक वर्षे तोड न करण्याचे करार केले आणि त्याबदल्यात मालकांना किंवा वाडीला मोबदला दिला. सह्याद्रीतील हिरडा आणि बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड, म्हणजे रानातला माल जपून गोळा केल्याचे, प्रमाणपत्र मिळवून त्यांना चांगला भाव मिळेल अशी साखळीही या संस्थेने उभी केली. वरकस यांचा मुद्दा बरोबर आहे, उभ्या झाडाने वर्षाला काहीतरी दिले पाहिजे. बेहड्याची फळे गोळा करून वाळवून विकता येऊ लागली की त्या झाडाकडे पाहण्याची नजर बदलते. त्याच झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि उन्हाळाभर नर तिला फळे आणून भरवतो, त्यामुळे जुना बेहडा राहिला तर बरेच काही राहते.

मी जे पाहिले त्यात करारावर सही करणारा पहिला मालक कोण आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून होते. एका वाडीत पहिला करार गावात सगळ्यांत शिकलेल्या आणि मोठ्या जमीनदाराने केला. लोक म्हणाले, त्यांना परवडते. दुसऱ्या वाडीत एका बेताच्या शेतकऱ्याने केला, जो वर्षभर इतरांच्या शेतावरही कामाला जात असे. ठरलेली रक्कम त्याला वेळेवर मिळाली, सातबाऱ्यावर कसलाही शेरा पडला नाही, हे लोकांनी तलाठ्याकडून उतारा काढून स्वतः तपासले आणि मग विचारणा सुरू झाली.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये असे दाखवून दिले की नवी माहिती माणसाला अगदी जवळच्यांकडून कमी आणि दूरच्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना आपल्याला ठाऊक आहे तेच ठाऊक असते. रानाच्या बाबतीत मला हे अर्धे खरे वाटते. करार नावाची गोष्ट असते ही बातमी दूरच्या माणसाकडूनच येते, कधी शाळेतल्या शिक्षकाकडून, कधी दुसऱ्या तालुक्यातल्या सोयऱ्याकडून. पण तिच्यावर सही करण्याचे धैर्य येते ते भावकीतल्या, बांधाला बांध असलेल्या माणसाकडून. बाहेरून काम करणाऱ्या संस्थांचा भर पहिल्यावर असतो, आणि त्या दुसऱ्यासाठी पुरेसा वेळ देत नाहीत.

वरकस

शेवटच्या प्रतिसादाने माझे मत काही अंशी बदलले आहे. बांधाला बांध असलेल्यांनी एकत्र करार केला तर रस्त्याचा प्रश्नही सुटेल, कारण खालचा गट तोडीला गेलाच नाही तर वरच्यापर्यंत गाडी पोचणार नाही. तेव्हा मोबदला देणाऱ्यांनी एकेका मालकाला देण्याऐवजी लगतच्या मालकांनी मिळून दिलेल्या सलग क्षेत्राला जास्त दर द्यावा. त्यामुळे शेजारीच शेजाऱ्याला आग्रह करील. मात्र रक्कम कोणाच्या हातात द्यायची, हे आधी ठरले नाही तर भावकीत नवा तंटा उभा राहील.

निवृत्त वनपाल

वरकस यांची सूचना योग्य आहे. तिला मी एक जोड देतो. गट नंबर, क्षेत्र आणि सहहिस्सेदारांची नावे यांचा एक नकाशा वाडीने स्वतः तयार करावा. कोणाचा गट कोणाच्या वर आहे हे कागदावर दिसले की कोणत्या दोन-तीन मालकांचा निर्णय सगळ्या डोंगरासाठी निर्णायक आहे ते लगेच कळते. पहिली भेट त्यांचीच घ्यावी.

किंजळवन

सर्वांचे मनापासून आभार. या प्रतिसादांवरून पुढची पावले माझ्यापुरती ठरवली आहेत, ती लिहितो, म्हणजे कोणाला सुधारणा सुचवायची असेल तर सुचवता येईल.

वनपाल साहेबांनी सांगितलेला नकाशा मी आमच्या वाडीपुरता काढायला घेतो आहे. त्यात माहेरवाशीणताईंच्या प्रतिसादानंतर लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या यांची नावे व फोन क्रमांकही मिळवायचे आहेत, कारण सातबाऱ्यावर असूनही त्यांच्याशी कोणाचा संपर्क नाही. चाकरमानी, तुमचे मंडळ आणि आमचे मंडळ यांची गावे लगतची आहेत असे दिसते. गणपतीत दोन्ही वाड्यांची एक बैठक पऱ्याच्या उगमापाशी, रानातच घेता येईल का, हे तुम्ही तुमच्याकडे विचारावे. ढोलीचा बेहडा, तुमच्या त्या दुसऱ्या वाडीत ज्या शेतकऱ्याने पहिला करार केला त्यांची तयारी असेल तर त्यांनाच बोलवावे. त्यांच्या येण्याजाण्याची आणि त्या दिवसाच्या मजुरीची सोय आम्ही करू. कोणाकडे कराराचा नमुना असेल, तर मालकाचे नाव-गाव झाकून तो येथे द्यावा, म्हणजे बैठकीआधी सगळ्या हिस्सेदारांना वाचता येईल.